दशक भरेपर्यंत

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं, हे चौथीत होते तेव्हाही नीट कळत नव्हतं, आणि चौथीनंतर विचारायला कुणी राहिलं नाही. तेव्हा हे ज्याच्या हाताला लागेल त्यानं माफ करावं, आणि वाचवत नसेल तर बाजूला ठेवून द्यावं. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. बाईंच्या गोष्टी लोक अजून सांगतात आणि हसतात. त्या गोष्टी खऱ्याच आहेत. पण त्यातली एक कुणाला पूर्ण माहीत नाही, ती माझ्याजवळ आहे.

बाई म्हणजे मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या आळीत राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या बाई. उंच, काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले. लग्न केलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडं भांडी, धुणं आणि दुपारचा स्वयंपाक करायचे. माझं गाव मुरबाड-शहापूर रस्त्यावर, फाट्याला लागून. सकाळी जीपनं जायचं, दुपारी जीपनं परत. आळीतले लोक त्यांना दशकबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. एकदा शेजारचा मुलगा चुकून म्हणाला, "दशकबाई, तुमचं लाइटबिल." बाईंनी बिल घेतलं आणि म्हणाल्या, "नाव बरं आहे. टिकतंय का बघू."

दशक हा शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा. आमच्यात असं कुणी बोलत नाही. आमच्याकडं म्हणतात धा वर्सं, किंवा "थोरलीचं लगीन झालं तवापासून". कीर्तनात बुवा तप म्हणतात, ते बारा वर्षांचं. मी एकदा बाईंना विचारलं की तप आणि दशक यात फरक काय. त्या म्हणाल्या, "दोन वर्षांचा. तप ऋषींना. आपल्याला दहाच झेपतात."

मला दशक माहीत होतं ते शाळेतलं. एकक, दशक, शतक. आमचे गुरुजी खराट्याच्या काड्या आणायला लावायचे. सुटी काडी म्हणजे एकक. दहा काड्या झाल्या की त्या दोऱ्यानं बांधायच्या, ती जुडी म्हणजे दशक. म्हणून बाई पहिल्यांदा "गेल्या दशकात" म्हणाल्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दोऱ्यानं बांधलेली वर्षांची जुडी आली. मी ते त्यांना सांगितलं आणि लगेच लाजले. बाईंना मात्र ते फार आवडलं. म्हणाल्या, "बरोबर आहे. नऊ काड्या असल्या तर काय म्हणतात?"

"नऊ एकक."

"हं. नऊ झाल्या तरी त्या सुट्याच. दहावी आल्याशिवाय दोरा बांधता येत नाही."

त्यांचा एक नियम होता. दर दशकाला एक गोष्ट सोडायची आणि एक धरायची. कॅलेंडरातल्या दशकाला नाही. ज्या दिवशी ठरवलं त्या दिवसापासून. विशीनंतर त्यांनी साखर सोडली. मग सोनं. मी कामाला लागले तेव्हाच्या दशकात त्यांनी पंखा सोडला होता, आणि मुरबाडचा मे महिना ज्यानं बघितलाय त्यालाच ते काय असतं ते कळेल. दशक संपलं की परत धरायला मोकळीक असायची, पण तोवर धरावंसं वाटत नाही, म्हणायच्या. त्यामुळं त्यांच्या घरात साखरेचा डबाच नव्हता. पाहुणा कुणीही येवो, चहा बिनसाखरेचा. एकदा कुणीतरी मोठा अधिकारी, त्यांचा जुना विद्यार्थी, भेटायला आला. पहिला घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला. बाई म्हणाल्या, "संपव. तुला कुठं रोज प्यायचाय?" त्यानं संपवला.

आणि धरलेल्या गोष्टी? शिवण, पेटी, मग पन्नाशीनंतर सायकल. सायकल शिकताना त्या ऐन स्टँडसमोर भाजीच्या पिशवीसकट पडल्या होत्या. उचलायला धावलेला रिक्षावाला म्हणाला, "बाय, या वयात कशाला?" बाई साडी झटकत म्हणाल्या, "अजून सहा वर्षं आहेत. येईल." मी त्यांच्याकडं लागले तेव्हा त्या चांगल्या चालवत होत्या. फक्त वळताना हात दाखवण्याऐवजी मोठ्यानं सांगायच्या: "मी डावीकडं जातेय."

दुसरा नियम मला जास्त जाचला. दशक झाल्याशिवाय कशाबद्दलही मत द्यायचं नाही. शेजारी नवी सून आली. सासू विचारायला आली, "कशी वाटते हो बाई, आमची सून?" बाई म्हणाल्या, "अजून कशी वाटेल? दशकानं या." सासू चिडून गेली. माझ्या स्वयंपाकाचंही तेच. पहिल्या दिवशी मी वांग्याची भाजी केली आणि दाराआड उभी राहिले. त्यांनी सगळी खाल्ली, ताट माझ्या हातात दिलं. मी धीर करून विचारलं, "बरी झाली का?"

"दशकानं सांगते," त्या म्हणाल्या. मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती.

वर्तमानपत्रात दशक आलं की त्या पेन्सिलीनं खूण करायच्या. एका नव्या वर्षाला पेपरात आलं की नवं दशक सुरू झालं. बाई स्टँडवर पेपरवाल्याकडं गेल्या. म्हणाल्या, "शेवटी शून्य आहे ना? म्हणजे जुन्याचंच शेवटचं वर्ष. मोजायला लागताना शून्यापासून लागतोस का एकपासून?" पेपरवाला म्हणाला, "मी छापत नाय बाय, इकतो." बाजूला कल्याणची गाडी उभी होती. तिचा कंडक्टर उतरून ऐकत राहिला, मग दोन पॅसेंजर वादात पडले. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टर म्हणाला, "बाय, दशक कंदी पन बदलू दे, गाडी टायमावर सुटते."

गोविंदा पथकाच्या पोरांनी एकदा चौकात मोठा बॅनर लावला, दशकपूर्ती सोहळा. बाई सायकलवरून उतरल्या आणि पोरांना विचारलं, "काय केलंत दहा वर्षांत?"

"दहीहंडी फोडली."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"मग दहा हंड्या म्हणा. दशक कशाला म्हणता? दहाव्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा काय वेगळं झालं ते सांगा."

एक पोरगा विचार करून म्हणाला, "एक थर वाढला."

बाई म्हणाल्या, "मग ठीक आहे," आणि वर्गणी दिली.

लोक सांगतात त्या गोष्टी इथवरच्या. आता माझी.

आमच्या भागात होळी झाली की बायका वर्षाचा मसाला करतात. मिरच्या उन्हात घालायच्या, भाजायच्या, आणि डंक्यावर नेऊन कांडून आणायच्या. डंका म्हणजे मिरची कांडण्याचं मशीन. तेव्हा आमच्या बाजूच्या पाच-सहा गावांना मुरबाडच गाठावं लागायचं. सकाळी पिशव्या घेऊन नंबर लावायचा, संध्याकाळी घरी. त्यात शेवटची गाडी चुकली की मिरच्यांसकट कुणाच्या तरी दारात बसायचं. मी बाईंचा मसाला घेऊन अशीच दिवसभर बसले होते. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता बोलून गेले, "फाट्यावर एक डंका असता तर केवढं काम व्हतं." मी ते भांड्यांनाच म्हटलं होतं.

चार दिवसांनी बाईंनी विचारलं, "मशीन केवढ्याला पडतं?"

साठ हजारांना पडलं, मोटरीसकट. कल्याणहून टेम्पोतून आलं आणि आमच्या घराच्या पडवीत बसलं. बाई स्वतः आल्या होत्या, सायकल टेम्पोत टाकून. मशीन सुरू करायच्या आधी त्यांनी मला एकटीला बोलावलं आणि अटी सांगितल्या. कागद नाही, साक्षीदार नाही.

"पैसे दशकानं द्यायचे. सगळे एकदम. मधे एक रुपया आणायचा नाही. तोवर मशीन माझं, चालवणारी तू. कांडणावळ तुझी."

"आन व्याज?"

"दरवर्षी माझा मसाला फुकट कांडून दे."

मी मान हलवली. मला तेव्हा फक्त मशीन दिसत होतं.

मशीन चाललं. फाट्यावर असल्यानं गाडीतून उतरलं की समोर. शहापूरच्या बाजूच्या बायकासुद्धा यायला लागल्या. पण घरात बोलणी सुरू झाली. आमच्या घरात सासू, थोरले दीर, थोरली जाऊ, मी, माझे मालक आणि पोरं. मालक वाशिंदला कंपनीत ठेक्यावर होते, भल्या पहाटे जायचे. जाऊ येणाऱ्या बायकांना सांगायची, "हिचं कुठलं? बाईचं हाय. ही मजुरीन." मला ते फार लागायचं. मी ठरवलं की पैसे लवकर फेडायचे आणि मशीन माझं करायचं. चार वर्षांत मी बचत गटातून, कांडणावळीतून, कोंबड्या विकून साठ हजार उभे केले. रुमालात बांधून बाईंकडं नेले.

बाईंनी रुमाल बघितला. "काय आहे?"

"पैसे. सगळे हायत."

"किती वर्षं झाली?"

"चार."

त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला दाराबाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. मी रुमाल घेऊन पायरीवर उभी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोरून शेजारीण बघत होती. थोड्या वेळानं खिडकी उघडली. बाई म्हणाल्या, "पैसे कमरेला खोच आणि आत ये. भांडी राहिलीत."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तसंही मी कमीच बोलायचे, त्यामुळं त्यांना कळलं की नाही कुणास ठाऊक.

मग पावसाळ्याआधी थोरल्या दिरांनी कल्याण लाइनवर जीप घ्यायचं काढलं. भागीदार मिळाला होता, पहिली रक्कम भरायची होती. ओटीवर बसून ते माझ्या मालकांना म्हणाले, "मशीन काढू या. शहापूरचा एक जन घ्यायला तयार हाय. जीप आली की सगल्यांचंच भलं. घरातली वस्तू घराच्या कामाला नको यायला?"

मालक म्हणाले, "बघू."

मी आत चुलीपाशी होते. आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही. समोरून ते आले तर बाजूला व्हायचं, पदर पुढं घ्यायचा. सांगायचं असेल ते जावेकडून किंवा पोरांकडून सांगायचं. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्यात त्यांचा अपमान नाही, माझाही नाही, पद्धतच आहे. पण त्या दिवशी मी चुलीपाशी बसून तोंड उघडत होते आणि मिटत होते. आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दीर बाईंकडं गेले. मी मोरीत धुणं धूत होते. बाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बाय, त्या मशीनचं म्हनत होतो. इकायचं ठरवलंय."

"कुणाचं मशीन?"

"आमचंच. पडवीत हाय ते."

"ते माझं आहे."

"तिनं पैसे दिलं नाय तुमचं?"

"आणले होते. मी घेतले नाहीत. दशक व्हायचंय."

"म्हंजे?"

"दहा वर्षं."

"चार झाली की."

"चार झाली म्हणजे काहीच झालं नाही. चहा संपवा."

दीर चहा न संपवता गेले. मी हातातला पिळा तसाच धरून बसले होते. चार वर्षांच्या पैशांना बाईंनी दार का लावलं ते मला तिथं, मोरीत कळलं. ते पैसे त्यांनी घेतले असते तर मशीन माझं झालं असतं, आणि माझं म्हणजे घरातलं, आणि घरातलं म्हणजे शहापूरच्या माणसाचं.

बाई मोरीच्या दारात आल्या. म्हणाल्या, "अजून सहा वर्षं मी नाही म्हणेन. पुढं तुला म्हणावं लागेल. घशात आवाज आहे का तुझ्या?"

मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, "तेच म्हणतेय मी."

आणि त्यांनी मला शिकवायला घेतलं. त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी की, मी घरी निघाले की दारात त्या काहीतरी मागायच्या आणि मी नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या चपला दे मला."

मी काढून दिल्या. स्टँडपर्यंत तापलेल्या डांबरावरून अनवाणी गेले. जीपवाल्यानं विचारलं, "मोडल्या काय गो?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी चपला दारातच ठेवलेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मागितल्या की देतेस? मला होतात तरी का त्या?"

मग छत्री मागितली, मी दिली. जीपचं भाडं मागितलं, दिलं, आणि त्यांनीच परत दिलं म्हणून घरी पोचले. "उद्या सुट्टी आहे, पण ये," म्हणाल्या, मी गेले. "कशाला आलीस?" म्हणून रागावल्या. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला ते निघायच्या वेळेचं भय वाटायचं. नाही हा शब्द मी मुलांना दिवसातून पन्नासदा म्हणायचे. मोठ्या माणसासमोर तो घशात यायचा आणि तिथंच बसायचा.

एक दिवस बाजारातून सुकट घेतली होती. बऱ्याच दिवसांनी घेतलेली. निघताना बाईंनी पिशवीत डोकावलं. "सुकट ठेव इथं."

बाई मासळी खात नव्हत्या. मी पिशवी मागं घेतली आणि म्हटलं, "नाय."

"का?"

"पोरं वाट बगतायत."

"कारण विचारलं तरी सांगायचं नाही. पुन्हा. सुकट ठेव."

"नाय."

बाई पायरीवर बसल्या आणि हसल्या. त्यांना तसं हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. म्हणाल्या, "जा आता. गाडी चुकेल."

त्यानंतर लॉकडाऊन आला. ऐन मसाल्याच्या दिवसांत फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. मालकांचा ठेका बंद झाला. रुमालातले साठ हजार तांदूळ, तेल आणि सासूच्या दवाखान्यात गेले. बाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेले तर गेले. वर्षं आहेत अजून." मी पुन्हा पहिल्यापासून जमवायला लागले.

आठवं वर्ष पुरं होत होतं तेव्हा बाई आजारी पडल्या. त्यांच्या भाचीनं त्यांना खर्डीला नेलं. मी भेटायला गेले. स्टेशनजवळ घर, खाटेवर बाई, अगदी बारीक झालेल्या. भाची माझ्याकडं तक्रार करायला लागली, "बघा ना, पंखा लावू देत नाही."

बाईंनी मला जवळ बसवलं आणि विचारलं, "माझ्याकडं लागून किती वर्षं झाली तुला?"

मशीन घ्यायच्या आधी दोन वर्षं मी त्यांच्याकडं होते. मी हिशेब केला. "धा झाली."

"तुझ्या भाजीत मीठ कमी असतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "धा वर्सं सांगितलं नाय तुमी?"

"दशक व्हायचं होतं." मग डोळे मिटून म्हणाल्या, "आमटी चांगली."

भाची हसत होती, मी पण. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी हात धरला. "दोन राहिली ना? मधे येऊ नकोस पैसे घेऊन."

महिनाभरानं त्या गेल्या.

त्यांचं तेरावं होऊन आठवडा झाला असेल. मसाल्याचे दिवस. पडवीत नंबर लागलेले, मी तोंडाला फडकं बांधून मशीनवर. दीर एका माणसाला घेऊन आले, तोच शहापूरचा. मालक त्या दिवशी घरी होते. दीर त्यांना म्हणाले, "बाय गेली. आता मशीन मोकलं झालं. सांग हिला, या खेपेची मिरची कांडून घे आन बंद कर. हे उद्या टेम्पो आनतायत."

मालक माझ्याकडं बघायला लागले. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. जाऊ दारात उभी होती.

मी मशीनचं बटण बंद केलं. एवढी शांतता झाली की मोटर फिरून थांबताना ऐकू आली. मी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. पदर पुढं घेतला, पण तोंड त्यांच्याकडंच ठेवलं.

"दादा," मी म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना हाक मारली. "मशीन मोकलं नाय. दशक भरायचं हाय."

दीर मालकांनाच म्हणाले, "काय बोलते ही? बाय मेली. आता दशक कुनाचं?"

"माझं," मी म्हटलं. "दोन वर्सं राहिली. ती भरली की पैसे देनार. मग मशीन माझं. तवा पन इकायचं नाय."

"पैसे कुनाला देनार? कागद नाय, साक्ष नाय."

"देनार."

रांगेतली एक म्हातारी, मोरोशीकडून आलेली, पिशवी सरकवत म्हणाली, "चालू कर गो. माजी येष्टी जाईल."

मी बटण दाबलं. मिरचीचा खकाणा उठला आणि शहापूरचा माणूस शिंकायला लागला. एक, दोन, मग थांबेचना. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, भायेर बसू. हितं तुमाला जमनार नाय." मग दिरांकडं बघून म्हणाले, "दादा, ती बोलली ते बोलली." माझ्या मालकांनी माझ्या बाजूनं बोललेलं एवढंच. मला ते पुरलं.

पुढची दोन वर्षं सोपी गेली नाहीत. दिरांनी माझ्या हातचं जेवणं सोडलं. गौरी-गणपतीत जाऊ ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मधे चूल वेगळी झाली. "मेलेल्या बाईचं देनं फेडते म्हने," असं जाऊ पाणवठ्यावर सांगायची, आणि बायका मला विचारायच्या, "खरंच देनार हायेस? कोन मागतंय तुज्याकडं?" कुणी मागत नव्हतं हे खरंच. मी प्रत्येकीला सांगितलं की देणार आहे, आणि सांगता सांगता मला मोठ्यानं बोलायची सवय झाली. कारण विचारलं तरी सांगत नव्हते. दिवाळीनंतर पापड केले, पावसात करटुली, शेवळं अशा रानभाज्या विकायला मुरबाडला बसले, आणि कांडणावळीतला ठरावीक वाटा कशालाही हात लावू न देता बाजूला टाकला.

हल्ली जीपमध्ये गाण्यांच्या आधी रेडिओवाली म्हणते, ऐंशीच्या दशकातली गाणी, नव्वदच्या दशकातली गाणी. पुढाऱ्यांच्या भाषणात, पतपेढीच्या पाटीवर, लग्नाच्या वाढदिवसाच्या स्टेटसवर, सगळीकडं दशक असतं. पूर्वी मला ते दिसायचं नाही. त्यांचं कसं सुरू होतं आणि कसं संपतं मला माहीत नाही. माझं एका होळीनंतर पडवीत सुरू झालं होतं, आणि या होळीनंतर भरलं.

मालक म्हणाले, "मी येतो संगं. येवढे पैसे घेऊन एकटी जातेस?"

"नाय," मी म्हटलं. "एकटी जाते."

जीपनं शहापूर, तिथून खर्डी. भाची घरीच होती. तिनं मला ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. मी पिशवीतून पैसे काढून तिच्यापुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. सांगायला वेळ लागला.

मग भाची म्हणाली, "मावशी मला यातलं काही बोलली नव्हती."

"मला म्हाईत हाय."

"मग मी कशी घेऊ? तुमच्या कष्टाचे आहेत. ठेवा तुम्ही. मुलीच्या शिक्षणाला होतील. मावशीनंही हेच सांगितलं असतं."

"बाईंनी असं सांगितलं नसतं," मी म्हटलं.

ती जरा हसली, आणि पैसे माझ्याकडं सरकवले. मी परत तिच्याकडं सरकवले. ती म्हणाली, "अहो, कुणाला कळणारही नाही."

"तुमी घेतले नाय तर मशीन माझं व्हत नाय," मी म्हटलं. "मोजून घ्या."

तिनं पैसे उचलले आणि मोजायला घेतलं. पाचशेच्या होत्या, शंभराच्या होत्या, शेवटी थोड्या दहा-वीसच्या. मोजताना तिचे ओठ हलत होते. मधे दारावर गॅसवाला आला, तिचा आकडा चुकला, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. मी घाई केली नाही.

"साठ हजार," ती म्हणाली. "पूर्ण आहेत."

मी हो म्हटलं. मग तिनं चहा आणला, तो घेतला, आणि गाडीची वेळ झाली होती म्हणून उठले.